उजव्या सिलिंडरवरचा घाव

वेल्डरची किंकाळी खडी मशीनच्या घरघराटातही ऐकू आली. सकाळी खोदाईच्या मशीनवरून उतरताना त्याचा पाय तेलावर पडला आणि तो खालच्या दगडांवर आपटला. गुडघ्याखालचं हाड मोडलं.

मशीनचा बूम, म्हणजे बकेट उचलणारा मोठा हात, दोन सिलिंडरांच्या जोरावर वरखाली होतो. सिलिंडरमधून लोखंडी रॉड आतबाहेर सरकतो आणि तेल अडवायला त्याच्या तोंडाशी रबरी सील असतं. त्यातल्या उजव्या सिलिंडरमधून तेलाची धार लागली होती. महिन्यात दुसऱ्यांदा. पहिल्या वेळची दुरुस्ती खाणीच्या मिस्त्रीनंच केली होती.

दुपारी सुरक्षा खात्याच्या तपासनीस बाई आल्या, तेव्हा खाणीतलं एकही माणूस मिस्त्रीजवळ उभं राहायला तयार नव्हतं.

"मिस्त्रीचा हलगर्जीपणा, असं लिहून टाका आणि मोकळ्या व्हा," मालक म्हणाला. "आजच त्याला गेटबाहेर काढतो."

"लिहिण्याआधी मी बघते," बाई म्हणाल्या.

मिस्त्री शेडमध्ये हात पुसत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"सील कधी बदललं?"

"मंगळवारी. संध्याकाळी तासभर बूम वरखाली करून पाहिला. पांढरं फडकं फिरवलं रॉडवर. कोरडं निघालं. मालक तिथंच होते."

"मग आज गुरुवारी गळती कशी?"

"रॉडवर घाव असेल तर नवं सीलही फाटतं. पहिल्या वेळेलाही घाव होता, मॅडम. तो घासून, पुन्हा मुलामा देऊन आणला मी. सगळे म्हणाले, तूच पाडला असशील."

"सगळे म्हणजे?"

"आधी दाजी म्हणाले. मग सगळे."

दाजी म्हणजे मशीनचा ऑपरेटर, मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो केबिनच्या पायरीवर बसला होता. बाई त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. ऊन रणरणत होतं, म्हणून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. बाईंनी ती मुकाट्यानं परत घेतली.

"काल मशीन कुणी चालवलं?"

आवाजाच्या दिशेनं त्यानं अख्खी मान वळवली. "मीच चालवतो. दुसरा कुणी हात लावत नाही."

"कुठे आदळलं होतं?"

"वीस वर्षं झाली मला. मला शिकवू नका. माझ्या मेहुण्याला काम येत नाही, एवढं लिहा आणि जा. नात्यातला म्हणून मी इतके दिवस पोटात घातलं."

बाई केबिनमध्ये चढल्या. डावा आरसा लख्ख पुसलेला. उजव्या आरशावर बोटभर धूळ. त्यांनी मिस्त्रीला बोलावून बूम उचलायला सांगितला. रॉड बाहेर सरकला आणि त्याच्या बाहेरच्या अंगावर, चकचकीत पृष्ठभागात, बोटाएवढा खड्डा दिसला. बाईंनी शिडी लावून भिंगातून पाहिलं. मग बूम खाली घ्यायला लावला. खड्डा सिलिंडरच्या आत गडप झाला.

त्यानंतर त्या खडी मशीनकडे एकट्याच फिरून आल्या आणि सगळ्यांना तिथेच बोलावलं. तिथे खडी वाहणाऱ्या पट्ट्याला आधार देणारा लोखंडी खांब होता, लाल रंगाचा.

"रॉडवरचा घाव मिस्त्रीनं पाडला असता तर मंगळवारीच फडकं तेलकट झालं असतं," बाई म्हणाल्या. "म्हणजे घाव नंतरचा. बूम खाली असताना ती जागा आत असते, तिथे कुणाचा हातही पोचत नाही. म्हणजे घाव बूम वर असताना, चालू कामात बसला. त्या खड्ड्यात लाल रंगाचे कण आहेत. आता या खांबाकडे पाहा. डोक्याच्या वर रंग उडून लोखंड उघडं पडलंय, अन् तेही दोन ठिकाणी. एक जागा गंजलीय, एक ताजी आहे."

मालक खांबाजवळ गेला. "उजवीकडे वळताना आदळलंय. एकदा नाही, दोनदा."

"आरसा कशासाठी असतो?" बाईंनी ऑपरेटरला विचारलं.

बाई पुन्हा त्याच्या उजवीकडे सरकल्या आणि त्याच्या कानशिलाशी चार बोटं धरली. "किती?"

त्यानं मान वळवायला सुरुवात केली.

"समोर बघून सांगा."

"दोन," तो म्हणाला.

"मघाशी बाटली घेतली नाहीत, तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला ती दिसलीच नव्हती. ज्या आरशात काहीच दिसत नाही, तो कोण पुसेल? उजवा डोळा गेलाय तुमचा. आदळल्याचं तुम्हाला दोन्ही वेळा कळलं होतं. खरं सांगितलं असतं तर मशीन हातातून गेलं असतं, म्हणून बोट मेहुण्याकडे दाखवलंत. एका शब्दानं बोलला असतात तर वेल्डर आज पायावर उभा असता."

"सहा महिने झाले," ऑपरेटर म्हणाला. "मशीन सोडून मला दुसरं काय येतं?"

मिस्त्री पुढे आला. "ताईला माहीत होतं?"

दाजीनं मशीनची किल्ली मुठीत घोळवली.

"तीच म्हणाली, गप्प राहा. तो तरुण आहे, त्याला कुठेही काम मिळेल, असं म्हणाली."

दाजीनं मिस्त्रीचा हात धरायला हात पुढे केला. "घरातली गोष्ट आहे रे. सांभाळून घे."

मिस्त्रीनं त्याच्या हातातून मशीनची किल्ली तेवढी काढून घेतली आणि मालकाकडे दिली.

"मी दवाखान्यात चाललोय," तो म्हणाला. "वेल्डरच्या बायकोनं सकाळी सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. तिला कुणीतरी खरं सांगायला हवं. तुम्ही येताय, दाजी, की तेही मीच सांगू?"