दोन ठोके

आधीच सांगते, ही कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. शेवटी जे घडलं, तेव्हा फोन माझ्या हातात होता. ज्यांना खोटं वाटायचं त्यांना खुशाल वाटू दे. माझ्यात आता वाद घालायची ताकद उरलेली नाही.

रात्र नव्हती. जंगल नव्हतं. मंगळवार होता, भर दुपार होती, आणि जागा म्हणजे हमरस्त्यालगतचं माझ्या मामांचं गॅरेज. वर पत्रे, खाली तेलाने काळी पडलेली फरशी, भिंतीवर मापाप्रमाणे ओळीने टांगलेले पाने.

मामा ट्रकचे मेकॅनिक. गाडी फाटकातून आत वळेपर्यंत हे नुसत्या आवाजावरून सांगणार, "मागचं बेअरिंग गेलंय, डावीकडचं." ड्रायव्हर छातीठोकपणे म्हणणार, उजवीकडचं. खोलून बघावं तर डावीकडचंच. मामी चिडवायची, "यांना गाडीच्या पोटातलं सगळं ऐकू येतं, माझी हाक तेवढी ऐकू येत नाही."

मामी लवकर गेली. घरात उरले दोघंच. मामा आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. मी त्याला दादा म्हणते.

दादाने चोविसाव्या वर्षी स्वतःचा ट्रक घेतला. मामा वरवर म्हणाले, "आता माझ्या डोक्याला ताप!" पण दादा माल घेऊन निघाला की यांचा जीव टांगणीला. पोरगं संध्याकाळी धडधाकट घरी यावं, एवढं एकच मागणं होतं त्या माणसाचं.

आणि नेमकं तेच...

असो. पहिल्यापासून सांगते.

दादाच्या ट्रकचा शाफ्ट गेला. शाफ्ट म्हणजे गाडीच्या पोटाखालचा तो लांब लोखंडी नळा. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत ताकद तोच पोचवतो. नवीन यायला आठ दिवस लागणार होते आणि दादाचा माल खोळंबला होता.

मामांनी गॅरेजच्या मागच्या खोलीतून पोत्यात गुंडाळलेला एक जुना शाफ्ट काढला. मापाला तंतोतंत. घासूनपुसून, ग्रीस भरून बसवला.

"एवढा चांगला माल इतकी वर्षं ठेवून दिलात?" दादाने विचारलं.

"चांगला होता म्हणूनच ठेवला," मामा म्हणाले. दादाकडे न बघता.

कुठलाही मेकॅनिक चांगला शाफ्ट फेकून देत नाही. लोखंडाला काय कळतंय? मामांची चूक झाली ती इथेच.

दुसऱ्या दिवशी दादा परत आला.

"बाबा, साठच्या वर गेलं की गाडी थरथरते. सीटखालून. आणि घरघर येते."

मामांनी टायर बघितले. ठीक. शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस नवे घातले. मधलं बेअरिंग बदललं. मग दादाशेजारी बसून स्वतः फेरी मारली.

"साठवर आहे तसाच क्लच दाब," ते म्हणाले. "इंजिनचा आवाज असेल तर बदलेल."

बदलला नाही. म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या मागे. शाफ्टमध्येच.

"आणि बाबा, थरथर सुरू व्हायच्या आधी ना... ठोके पडतात."

"कसले?"

"टक... टक. दोनच. कुणी चॅसीवर पाना मारावा तसे."

मी तेव्हा डबा घेऊन आले होते. मी शिक्षिका, शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मामांना जेवण नेऊन द्यायचं काम माझ्याकडे. मी बघितलं, मामांच्या हातातलं फडकं खाली पडलं आणि त्यांनी ते उचललंही नाही.

"दोनच?" त्यांनी विचारलं.

"दोनच."

त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खडूची परीक्षा घ्यायचं ठरवलं. जुनी पद्धत आहे. मागची चाकं उचलून गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर ठेवायची. एकाने केबिनमध्ये बसून गिअर टाकायचा, दुसऱ्याने खाली झोपून फिरत्या शाफ्टजवळ खडू हळूहळू न्यायचा. शाफ्ट वाकडा असेल तर त्याची बाहेर आलेली बाजू खडूला लागते. एकाच जागी, एकच रेघ.

आणि त्यांच्या गॅरेजचा एक नियम होता. खालच्याने पान्याने चॅसीवर दोन ठोके मारल्याशिवाय वरच्याने गिअर टाकायचा नाही.

नियम ऐकून दादा वडिलांकडे बघतच राहिला.

"दोन ठोके? बाबा, मला रस्त्यात जे ऐकू येतात ते..."

"गप. वर बस."

मामा खाली गेले. चौदा वर्षांत ते फिरत्या शाफ्टखाली गेले नव्हते, हे मला नंतर कळलं. त्यांनी दोन ठोके मारले. दादाने गिअर टाकला. साठ. घरघर सुरू झाली. मामांनी खडू पुढे केला आणि मागे घेतला. इंजिन बंद झालं.

मी वाकून बघितलं.

रेघ नव्हती.

शाफ्टवर चार पांढरे पट्टे होते. शेजारी शेजारी, थोडे तिरपे. आणि उलट्या बाजूला एक आखूड, जाडसर.

मी माझी मूठ समोर धरून बघितली... चार बोटं आणि अंगठा.

मामांनी फडक्याने शाफ्ट पुसला. पुन्हा ठोके, पुन्हा गिअर, पुन्हा खडू.

पुन्हा तेच.

वर दादा ओरडून विचारत होता, "सापडलं का?" मामांनी शाफ्ट स्वच्छ पुसला आणि म्हणाले, "सापडलं. शाफ्टच वाकडा आहे. नवा घालू."

नवा आला. जुन्याचे मामांनी गॅस कटरने चार तुकडे केले आणि स्वतः भंगारात टाकून आले. आमच्या घरी येऊन मला म्हणाले, "सुटलो बघ." चेहरा असा, जणू कितीतरी दिवसांनी झोप लागणार होती.

संध्याकाळी दादाचा फोन. नव्या शाफ्टवर, साठला.

टक... टक.

आता मात्र मामांनी हात टेकले नाहीत, उलट इरेला पेटले. नवा शाफ्टही काढून गॅरेजमध्ये ठेवला. शाफ्टच नसेल तर आवाज येणार कुठून? बिनशाफ्टचा तो ट्रक दुसऱ्या ट्रकला लोखंडी दांडीने जोडला आणि रिकाम्या सरळ रस्त्यावर ओढत नेला. पुढचा ड्रायव्हर मामांच्या ओळखीचा. त्याने साठ गाठल्यावर हॉर्न द्यायचा, असं ठरलं. मामा आणि दादा ओढल्या जाणाऱ्या ट्रकमध्ये.

इंजिन बंद. नुसती चाकांची सळसळ.

पुढून हॉर्न आला.

आणि सीटखालून, जिथे फिरण्यासारखं काहीही नव्हतं... टक. टक.

मग घरघर.

दादाची बोबडी वळली. मामा मात्र मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांनी दादाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्या दुपारी गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढून मामांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"लांब्या आठवतो?" त्यांनी दादाला विचारलं.

लांब्या म्हणजे मामांचा भागीदार. ताडमाड उंच, हसरा माणूस. दादाला खांद्यावर बसवून गॅरेजभर फिरवायचा. चौदा वर्षांपूर्वी अशीच खडूची परीक्षा घेताना त्याची बाही शाफ्टमध्ये सापडली आणि तो गेला. सगळ्यांना माहीत होतं ते एवढंच. स्वतःच्या चुकीने गेला, सैल बाहीचा शर्ट घालून खाली शिरला होता.

"त्याची चूक नव्हती," मामा म्हणाले. "त्याने ठोके मारलेच नव्हते. अजून हाताने शाफ्ट धरून सांधा तपासत होता. माझं लक्ष नव्हतं. मी गिअर टाकला."

मामा फरशीकडे बघून पुढे बोलले.

"सगळ्यांना सांगितलं, मी दोन ठोके ऐकले. त्याच्या बायकोलाही सांगितलं. मेलेला माणूस काय बोलणार होता?"

"आणि तो शाफ्ट..." दादा म्हणाला. "तोच माझ्या गाडीला लावलात?"

"चांगला होता रे. वाटलं, इतकी वर्षं झाली..."

दादा ताडकन उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो वडिलांवर ओरडला. "त्यांच्या घरच्यांच्या तोंडाकडे कसं बघत होतात तुम्ही? कसं?" मामा रडत होते. मला दोघांचीही कीव येत होती आणि तिथून पळून जावंसं वाटत होतं.

शेवटी दादाच म्हणाला, "ट्रक विकायचा नाही. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात हे मारायचं नाही. मंगळवारी शाफ्ट लावून भंगारवाल्याकडे नेतो आणि तुकडे करायला लावतो. चाळीसच्या वर जाणार नाही."

"मी येतो बरोबर."

"तुम्ही बसू नका माझ्या शेजारी," दादा म्हणाला. बास, एवढंच.

त्या मंगळवारी मामा सकाळपासून फाटकाशी उभे. मी डबा घेऊन पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. मामांचे हात ग्रीसने भरलेले. उगाच काहीतरी खोलत बसले होते, हात रिकामे ठेववत नव्हते म्हणून. फोन वाजला. दादा. मी उचलून स्पीकरवर टाकला.

"बाबा!" आवाज एकदम मोकळा. राग मावळलेला. "अहो, बंद झाला आवाज! चाळीसला गेलो, काही नाही. म्हटलं बघू तरी, साठला गेलो. काही नाही! लोण्यासारखी चालतेय."

मी हसले. वळून मामांकडे बघितलं...

मामांचा चेहरा पांढराफटक.

मला म्हणाले, अगदी हळू, "दुरुस्त केल्याशिवाय आवाज कधी बंद होत नाही गं. बंद झाला म्हणजे आतलं काहीतरी सुटलं."

मग फोनकडे वाकून ओरडले, "थांबव गाडी! आत्ता!"

"थांबवलीय हो. कधीच. सपाट जागा आहे, हँडब्रेक ओढलाय. खाली शिरून बघतोय, बोल्ट तर सैल नाहीत ना."

"बाहेर ये! आधी बाहेर ये!"

"इंजिन बंद आहे, बाबा. केबिनला कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. काय होणार आहे? हे बघा, हातात धरलाय शाफ्ट, थंडगार आहे. एक बोल्ट..."

तो थांबला.

फोनमधून आलं... टक.

टक.

"बाबा, तुम्ही मागून आलात का?"

मामांनी जोरात मान हलवली. मीच म्हणाले, "दादा, मामा इथे आहेत. माझ्यासमोर. तू बाहेर ये."

"मग वर केबिनमध्ये कोण आहे?" दादा कुजबुजला. "बाबांचाच आवाज येतोय. फोनवर कुणाला तरी सांगतायत... 'आलोच, पाच मिनिटांत आलोच.'"

गिअर पडल्याचा आवाज मला ओळखता येत नाही. मामांना येतो. ते जागच्या जागी खाली बसले.

नंतर फोनवर फक्त घरघर ऐकू आली. किती वेळ, ते मी सांगू शकणार नाही. फोन मी बंद केला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा लोक जमले होते. इंजिन थंड होतं. केबिनला कुलूप. किल्ली दादाच्या खिशात. पोलिसांनी लिहिलं, गाडी घरंगळली असावी. पण चाकं जमिनीवर असताना शाफ्ट फिरायचा तर गाडीला पुढे जावंच लागतं, एवढं आता मलाही कळतं. आणि मऊ मातीत चाकं जिथे टेकली होती, तिथून ती एक बोटभरही हलली नव्हती. दादाची बाही मात्र शाफ्टभोवती तीन वेढे बसून आवळली गेली होती.

महिन्याभराने मामा लांब्याच्या बायकोकडे गेले आणि सगळं खरं सांगून आले. तिने ऐकून घेतलं, विचारलं, "आता का सांगताय?" आणि दार लावलं. मामांना बहुतेक वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी हलकं होईल. झालं नाही.

गॅरेज बंद आहे. मामा माझ्याकडेच राहतात. काही विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर देतात.

एकदा मीच धीर करून विचारलं, "मामा, लांब्याकाका गेले तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं म्हणालात. कुठे होतं?"

त्यांनी हातातलं ताट बाजूला सरकवलं.

"फोन आला होता," मग म्हणाले. "दादाचा. दहा वर्षांचा होता. आई नव्हती, एकटाच घरी. विचारत होता, बाबा, जेवायला कधी येताय, मी थांबलोय. मी म्हटलं, आलोच, पाच मिनिटांत आलोच. आणि बोलता बोलता गिअर टाकला."



आता तुम्हाला पटो, न पटो. रोज पाऊण वाजता मामांचा फोन वाजतो. नंबर दिसत नाही. ते उचलत नाहीत, वाजून वाजून बंद होईपर्यंत नुसते बघत बसतात. परवा मला राहवलं नाही, मी हात पुढे केला.

मामांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"नको," म्हणाले. "तो जेवायचा थांबलाय. त्याला काय सांगशील?"