पेंटरच्या हातचं

पेंटर गेला त्याला वर्ष झालं, तेव्हा लेकीने त्याच्या अक्षराचा फॉन्ट केला. गॅरेजवरच्या, लाँड्रीवरच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढले, एकेक अक्षर सुटं केलं आणि कॉम्प्युटरमध्ये बसवलं. ब्रशने सहज ओढल्यासारखं, जरा तिरकं, ऐटबाज अक्षर. गिऱ्हाइकांनी डोक्यावर घेतलं. सरबताची बाटली, सलूनची पाटी, कापडदुकानाची पिशवी, जिथे बघावं तिथे पेंटरच.

"बाबा होते तेव्हा एवढी कामं कधी आली नाहीत," लेक म्हणायची.

"होते तेव्हा गिऱ्हाइकाशी भांडायचे," आई म्हणायची. "आता तोंड नाही, नुसता हात."

आई वाचायला शिकली चाळिशीत, तेही नवऱ्याच्या ओल्या पाट्यांवरून. त्यामुळे अक्षराआधी तिला हात दिसायचा. छापलेल्या कागदावर पहिल्या ओळीतला 'म' ठसठशीत होता, शेवटच्या ओळीतला कोरडा, ब्रशमधला रंग संपत आल्यासारखा.

"एकच अक्षर दोनदा वेगळं येतं का गं?"

"छे! हजारदा दाबलं तरी तेच. शाई संपली असेल."

लेकीने शाई बदलली. फरक पडला नाही.

महिन्याभरात अक्षरं डावीकडे झुकली. मग मात्रा थरथरू लागल्या. शेवटच्या आजारात पेंटर डाव्या हाताने उजवं मनगट धरून रंगवायचा, तेव्हा अशाच थरथरायच्या. पण त्या दिवसांतली एकही पाटी लेकीने फॉन्टसाठी घेतली नव्हती. कागदांना टर्पेंटाइनचा वास यायचा. आईने ओळखलं आणि तोंडाला कुलूप लावलं. बोलावं तर काम थांबेल, आणि काम थांबलं की तो दुसऱ्यांदा जाईल.

एका दुपारी ते लेकीलाच दिसलं. सकाळचा कागद तिने कालच्याशेजारी ठेवला आणि बराच वेळ बघत राहिली.

"आई, बाबा दमलेत गं."

आईने दोन्ही कागद पालथे घातले.

"पुसून टाकते मी सगळं. सुटू देत त्यांना."

"पूस," आई म्हणाली. "त्याआधी एकदाच 'अगं' काढ."

जन्मभर त्याने तिला तेवढीच हाक मारली होती.

लेकीने दोन अक्षरं दाबली आणि तोंड ओंजळीत झाकून घेतलं. प्रिंटर कुरकुरला. कागद आईनेच ओढून घेतला.

'अगं' आलं होतं. वाकडंतिकडं, पण आलं होतं.

त्याखाली, कोणीही न दाबलेली, आणखी एक ओळ होती.

'पुरे आता.'

आईने बोट लावलं. रंग ओला होता.

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग कागदाची बारीक घडी केली आणि मुठीत घट्ट दाबून धरली.

"आलं का नीट?" लेकीने डोळे न उघडताच विचारलं.

"नाही गं, कोराच आला कागद," आई म्हणाली. "अजून एकदा काढ."