उचललेलं बोलणं

शनिवारी दुपारी लेखक घरातच कथालेखनाचा वर्ग घेत असे. चहा घेऊन गेलेली त्याची बायको दारातच घुटमळायची.

"संवाद डोक्यातून काढू नका," तो शिष्यांना सांगायचा. "उचला. घरातलं माणूस बोलतं तसंच कागदावर ठेवा. काना-मात्रासुद्धा बदलू नका."

त्याचे संवाद नावाजले होते ते आईच्या जिवावर. म्हातारीच्या जिभेला हाड नव्हतं. सुनेला म्हणायची, "कांदा चिरतेस की सूड घेतेस?" मुलगा उशिरा उठला की, "या राजेश्री, सूर्याला माघारी धाडू का?" सासू-सुनेचं चांगलं गूळपीठ होतं. दोघी खिदळत बसायच्या आणि लेखक पलीकडच्या खोलीत कान टवकारून असायचा.

कांद्याचं ते वाक्य असलेली कथा छापून आली, त्याच आठवड्यातली गोष्ट. सुनेने कांदा जाडाभरडा चिरला. सासूने पाहिलं, तोंड उघडलं. ओठ नुसतेच हलले.

"काहीतरी म्हणायची गं मी," ती कसनुसं हसली. "काय ते?"

सुनेने वाक्य म्हणून दाखवलं. सासूने ते ऐकलं, पण कुणा परक्या माणसाचं असावं तसं.

"वय झालं तिचं," लेखक म्हणाला. डॉक्टरांना तपासण्यांत काहीच सापडलं नाही. पुढची कथा आली आणि 'राजेश्री' गेलं. मग म्हणी गेल्या. मग शिव्या. म्हातारी दिवसभर हाताची बोटं चोळत बसू लागली. लेखक मात्र कादंबरीला बसला होता, आणि तीत आईला अख्खीच्या अख्खी उतरवत होता.

"बास करा आता," एका सकाळी बायको म्हणाली. "तुम्ही लिहिता आणि त्यांचं बोलणं जातं."

तिला वाटलं होतं, तो हसेल. वेड्यात काढेल.

"मला कळत नाही असं वाटतं तुला?" तो म्हणाला. "थोडंच राहिलंय."

कादंबरी आली. लोकांनी डोक्यावर घेतली. अभिनंदनाला आलेली माणसं पांगल्यावर म्हातारीने मुलाकडे बराच वेळ पाहिलं. त्याला हाक मारायलाही तिच्यापाशी काही उरलं नव्हतं.

त्यानंतर लेखक जेवताना बायकोच्या तोंडाकडे बघू लागला.

ती सावध झाली. त्याच्यासमोर बोलेनाशी झाली. हवं-नको मानेने, बाकीचं हाताने. तो बाहेर गेला की सासूपाशी बसून तिला एकेक शब्द शिकवायची: पाणी, दार, ऊन. तो चिडला, त्याने विनवण्या केल्या, मुद्दाम भांडण उकरून काढलं. तिने ओठ उघडले नाहीत. पुढे त्यानेही नाद सोडला, आणि तिला वाटलं, सुटले.

एके दिवशी त्याने नवं मासिक तिच्या पुढ्यात टाकलं. एका न बोलणाऱ्या बाईची कथा होती.

"गप्प बसणंही उचलता येतं," तो म्हणाला. आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात एकटीच होती. चुलीवर पाणी तापत होतं. मागे कुणीतरी पुटपुटत होतं.

ती वळली. कुणी नव्हतं.

आवाज तिचाच होता.

तिने तळहात तोंडावर दाबून धरला.

हाताखाली ओठ बोलतच राहिले.