डायनामोवर डाग नव्हता

"काल संध्याकाळी म्या स्वतः चालू करून देल्लं थे इंजन, साहेब. आज सकाळी चालू होत नाई. अन् मालक म्हणते, तूच मुद्दाम बिघडवलं!"

मेकॅनिक धर्मपाल तावातावाने सांगत होता. बासष्ट सालच्या मे महिन्यातली दुपार. पोलिसातून निवृत्त होऊन अमरावतीत खाजगी तपास करणारे खुशालराव त्याचं नीट ऐकत होते. त्यांचे मित्र उकंडराव ऐकत असल्यासारखं दाखवून पेंगत होते.

"मुद्दाम कशाला बिघडवशील तू?"

"भांडण झालं न! मालक म्हणे, मागच्या फाटकातून ये. म्या म्हटलं, मोटार समोरून येते त मी बी समोरूनच येतो."

"आज तपासून पाहिलंस?"

"बोनेटले हात लावू देत नाई! साहेब, अकोल्याच्या सरकारी वर्कशॉपात माही नोकरी ठरली हाय. तिथल्या अधिकाऱ्याले मालकानं चिठ्ठी लिहून ठेवली, हा मानूस दगाबाज हाय म्हणून. पाचच्या टपालानं जाते. मंग कोन ठेवते मले?"

खुशालरावांनी टोपी उचलली.

गाडीचे मालक, कापसाचे व्यापारी महादेवराव घराच्या फाटकातच आडवे उभे होते. "तुमी या, खुशालराव. पंच व्हा. पण हा आत येनार नाई."

"मग मीही बाहेरच बरा."

महादेवराव दात खात बाजूला झाले.

खुशालरावांनी गाडीत बसून स्टार्टर दाबला. इंजिन नुसतं घरघरलं. बॅटरी शाबूत होती. त्यांनी बोनेट उघडलं तशा माशा भणभणत उठल्या. इंजिनच्या हेडवर, कार्बोरेटरवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर वाळलेले पांढुरके शिंतोडे होते. शेजारच्या डायनामोवर आणि हॉर्नवर मात्र नुसती जुनी धूळ. टोपणाच्या फटीत सुकलेल्या दूर्वेची एक काडी अडकली होती.

"अॅसिड!" उकंडराव दोन पावलं मागे सरले. "काडी काय, वाऱ्यानं आली असंल."

खुशालरावांनी डागावर बोट फिरवून हुंगलं आणि रुमालाने पुसलं. तसेच डाग त्यांना स्टीअरिंगवर आणि चालकाच्या सीटवरही दिसले.

"गाडीची किल्ली कुठे होती?"

"माह्या उशाशी," महादेवराव गुरकावले. "म्हनजे काय, म्याच बिघडवली माही गाडी?"

"बोनेटला किल्ली लागत नाही," खुशालराव म्हणाले आणि ड्रायव्हर जानरावकडे वळले. "हे दुरुस्तीचं काम तुझ्या साळ्याला मिळायचं होतं, असं धर्मपालने वाटेत सांगितलं. खरं?"

"व्हय. मालकानं याले देल्लं. म्हून का मी गाडी मोडीन?"

"धर्मपालने काय काय उघडलं होतं?"

"हेड, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर." जानरावने धडा म्हटल्यासारखं सांगितलं. "मोठ्या बाईनं मले सांगितलं होतं, तो कायले कायले हात लावते थे पाहून ठेव."

"चोरीबिरीच्या धाकानं," महादेवराव म्हणाले.

मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या आई, दुर्गाबाई. त्या ओसरीवरून हे सगळं डोळे वटारून पाहत होत्या. मागे गोठ्यात गाय बांधलेली होती.

"मी कायले मोटारीपाशी जाऊ?" त्या खेकसल्या. "सकाळपासून आंघोळ, पूजा अन् गाईचं करून राहिली. पयले याले आंगनातून काढा. पुन्यांदा सारं करा लागंल मले!"

उकंडराव कानाशी लागले. "जानरावच. साळ्यासाठी केलं त्यानं."

"हात जानरावचा, एवढं बरोबर," खुशालराव मोठ्याने म्हणाले. साडेचार वाजले होते.

त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. आतल्या पॉइंटवर पांढरा खार धरला होता.

"प्लगला ठिणगी इथून जाते. या पॉइंटच्या मध्ये खार बसला की इंजिन गप्प. आता बघा. गाडी बिघडवायची तर एवढी एकच जागा पुरे होती. मग हेडवर, कार्बोरेटरवर, सीटवर कशाला शिंतोडे? आणि हाताला लागूनच असलेला डायनामो कसा सुटला? धर्मपालने डायनामोला हात लावला नव्हता, म्हणून. जिथे त्याचा हात लागला, जिथे तो बसला, तिथेच हे शिंपडलंय. कुठे हात लागला ते जानरावने पाहून ठेवलं होतं. तेही बाईंच्या सांगण्यावरून."

जानरावचा चेहरा उतरला.

"साधं पाणी असतं तर मेच्या उन्हात वाळून गेलं असतं. मागे खार राहिला नसता आणि माशाही बसल्या नसत्या. वास घेतला तेव्हाच मला कळलं. हे गोमूत्र आहे. दूर्वेने शिंपडलेलं. ती काडी टोपण लावताना अडकली. दुर्गाबाई, तुम्हाला पुन्हा करावं लागेल ते हेच ना?"

"मंग?" दुर्गाबाईंचा आवाज तसूभरही खाली आला नाही. "गाडीत देवाची तसबीर हाय. त्याचा हात सारीकडं लागला. शुद्ध नोको कराले?"

"म्या टोपण उघडून देल्लं, मालक," जानराव पुटपुटला. "बाई म्हने, आतून बी त्यानं हात लावला हाय. गाडी चालू होईना तवा म्या भेलो. बाई म्हने, बोलू नोको."

"अन् तुह्यापायी म्या याले दगाबाज म्हून चिठ्ठी लिहिली?" महादेवराव जानरावच्या अंगावर धावले. आईला मात्र ते चकार शब्द बोलले नाहीत. खुशालरावांना याचा मनस्वी संताप आला. त्यांनी नुसता हात पुढे केला. महादेवरावांनी खिशातली चिठ्ठी काढून त्यावर ठेवली. खुशालरावांनी तिचे तुकडे केले.

"मंग आता कर बाप्पा चालू," महादेवराव धर्मपालला म्हणाले.

"मी हात लावत नाई. जानराव करंल. मी सांगतो."

चार हात लांब उभं राहून धर्मपाल सांगत गेला. जानरावने पेट्रोलच्या फडक्याने टोपण पुसलं, पॉइंट घासले. पहिल्याच स्टार्टरला इंजिन धडधडू लागलं.

महादेवरावांचा आवाज एकाएकी मऊ झाला. "उनातान्हाचा आला तू. पानी पेऊन जा."

"कोनत्या भांड्यात?" धर्मपालने विचारलं.

महादेवरावांनी ओसरीकडे पाहिलं. दुर्गाबाई उठून आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. धर्मपाल समोरच्या फाटकातून निघून गेला.