न झोपणारा शंकासुर

दिवेलागणीच्या सुमारास सुलोचना मांडवकर आपल्या रोपवाटिकेत नळीनं पाणी घालत होती. फाटकाजवळच्या शंकासुराकडे तिचं सहज लक्ष गेलं. लाल-पिवळ्या तुऱ्यांखाली त्याची झाडून सगळी पानं मिटलेली होती. तिच्या हातून नळी सुटली.

आता शंकासुराची पानं संध्याकाळी मिटतात, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पण हे झाड साधं नव्हतं. खाडीपलीकडच्या रसायनांच्या कारखान्यातून मागे एकदा वायू सुटला होता. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी नुसती गुंगी येते. धोक्याचे भोंगे खाऱ्या हवेनं गंजले, म्हणून संशोधकांनी हा वाण घडवला. शंकासुराच्या देठाशी एक फुगीर सांधा असतो, त्यातलं पाणी ओसरलं की पान मिटतं. या वाणात अंधाराचा इशारा त्या सांध्याला पोचतच नसे. पोचायचा तो फक्त वायूचा. नाव ठेवलं ‘जागल्या’. दारोदारी तो लावायचा आणि मिटला की उंचावर पळायचं. रोपं मात्र फांदीपासूनच करायची, बियांपासून नाही, अशी सक्त ताकीद होती.

पण पावसात फांद्या कुजल्या. मग सुलोचनानं आपल्या नेहमीच्या रीतीनं जागल्याच्या बिया गरम पाण्यात भिजवून रुजवल्या. कुंपणाला सासूबाईंच्या हातचा जुना, साधा शंकासुर होता. तो तोडायचा तिला धीर झाला नव्हता आणि मधमाश्यांनी दोघांची सोयरीक जुळवून टाकली. नवी रोपं वायूला मिटत, तशी संध्याकाळीही मिटत. तिला धास्ती वाटली, बायका मात्र खूश झाल्या. “तिन्हीसांजेला न झोपणारं झाड दारात नको गो बाई, अवदसा ती!” असं म्हणत त्यांनी मूळची जागल्याची झाडं उपटली आणि ही रोपं नेली. सुलोचनानंही दिली. गिऱ्हाईक आपल्या पायानं चालत आल्यावर नको कोण म्हणतं?

मूळचा जागल्या उरला होता तो हा एकच.

“अहो, बाहेर या आधी!”

तिचे यजमान वामनराव आले आणि झाडाकडे बघून हसले. “अगो, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!”

“थट्टा नको. लावल्यापासून एकाही संध्याकाळी मिटला नाही तो.”

वामनरावांनी पान बोटांनी उघडून पाहिलं. ते पुन्हा मिटलं. त्यांचं हसू मावळलं. “पण वायू असता तर आपल्याला काहीतरी...”

“जड असतो तो. आधी खोलगटात साचतो, मग वर चढतो. इथवर आलाय म्हणजे खाली...”

खाली खाडीकाठच्या वाडीत तिची लेक प्रणिता राहत होती, तान्ह्या चिऊला घेऊन. वामनराव देवळाची घंटा बडवायला धावले. तिनं लेकीला फोन लावून दारातल्या झाडांचं विचारलं.

“अगो आई, दारातली झाडं झोपलीत, रोजच्यासारखी. बघतेय ना मी.” प्रणिताचा आवाज पेंगुळलेला होता.

“चिऊला उचल आणि वर ये. आत्ताच्या आत्ता!”

“आत्ताच झोपलीय गो. रोज या वेळेला घर डोक्यावर घेते, आज रडलीसुद्धा नाही. गुणाची पोर.”

सुलोचनानं पडलेली नळी उचलून पदर भिजवला. “उठव तिला.”

“कशाला उगाच...”

“उठव म्हणते ना! हलव, चिमटा काढ, रडव तिला!”

पलीकडे पाळण्याच्या कड्या करकरल्या. “चिऊ,” प्रणितानं हळूच हाक मारली. मग जरा मोठ्यानं. मग तिचा आवाज चिरकला. “चिऊ, ए चिऊ! आई, ही डोळे का उघडत नाही गो?”

तोंडाला ओला पदर बांधून, फोन कानाशी दाबून सुलोचना उतारावरून खाली पळत सुटली होती. पोर रडू दे म्हणून ती देवाला नवस बोलत होती. वर घंटा वाजत होती, पण खालून कुणी येताना दिसेना. दोन्ही बाजूंच्या दारांत तिनंच दिलेले शंकासुर पानं मिटून उभे होते. तुळशींपाशी दिवे लागलेले होते आणि घराघरांत सामसूम होती. यातलं कोण नुसतं झोपलं होतं?