रिकाम्या खुर्चीची कॉपी

सत्य हे सूर्यासारखं असतं. कितीही झाकलं तरी झाकत नाही. आणि ही घटना तर शंभर टक्के सत्य आहे.

फक्त ती पडदे ओढून घडली. टीव्हीवर ऊन पडत होतं, काही दिसत नव्हतं.

भुतं रात्रीच येतात असा लोकांचा समज आहे. येत असतील बापडी. हे मात्र रविवारी भरदुपारी घडलं, जेवणं आटोपल्यावर, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात. घर माझ्या साडूंचं, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं. नातेवाइकांत त्यांना ‘गॅरंटी’ म्हणतात. डोक्यावर केस होते तोवर कंगव्याचंसुद्धा बिल जपून ठेवणारा माणूस. साडू खोटं बोलत नाहीत. खोटं बोलायला कल्पनाशक्ती लागते, ती त्यांच्याकडे कधीच नव्हती.

तेव्हा त्यांनी सांगितलं तसंच सांगतो.

घरोघरी व्हिडिओ येऊ लागले तेव्हा बाजारात दोन प्रकारच्या कॅसेटी होत्या. एक लहान, एक मोठी. एकीच्या मशीनमध्ये दुसरी जायची नाही. दोन्ही कंपन्या छातीठोकपणे सांगायच्या की दुसरी बुडणार. साडूंना कंपन्यांवर भरवसा नव्हता. पण धाकट्या मेहुण्याचं टीव्ही-टेपचं दुकान होतं.

‘भावजी, डोळे झाकून लहान कॅसेटचं मशीन घ्या,’ मेहुणा म्हणाला. ‘चित्र आरशासारखं. मी स्वतःच्या घरी हेच ठेवलंय.’

साडूंनी डोळे झाकले.

उघडेपर्यंत लहान कॅसेट बाजारातून उठली होती. व्हिडिओ लायब्ररीत जाल तिथं मोठीच. पुढे एकदा मेहुण्याकडे जेवायला गेले असता साडूंना टीव्हीखाली, भरतकामाच्या रुमालाखाली, काहीतरी दिसलं. त्यांनी रुमालाचं टोक उचललं.

मोठ्या कॅसेटचं मशीन होतं.

साडूंनी टोक परत खाली सोडलं. बायकोचा भाऊ पडला. पण त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याकडून टॉर्चचा सेलसुद्धा घेतला नाही. बायको म्हणायची, ‘जाऊ द्या ना. पोर आहे ते.’

पोराला तेव्हा टक्कल पडू लागलं होतं.

मशीनबरोबर कंपनीकडून सिनेमाची एक कॅसेट फुकट आली होती. कोऱ्या लहान कॅसेटी मिळेनाशा झाल्या, तेव्हा साडूंनी त्याच कॅसेटच्या कडेला असलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावली. तशी लावली की मशीन फसतं आणि सिनेमा पुसून त्यावर दुसरं काही भरू देतं. शेजारच्या फोटोवाल्याचा व्हिडिओ कॅमेरा दुपारपुरता आणून मशीनला जोडला, आणि बायकोचं चित्र घेतलं.

ती शिलाई मशीनवर बसलीय. पाय चालतोय. निळं कापड सुईखालून सरकतंय. मागून साडूंचा आवाज येतो, ‘इकडे बघ ना जरा.’ ती मान न वळवता म्हणते, ‘बंद करा ते. आधी विचारायचं असतं माणसाला.’ मग हसते. साडूही हसतात.

एवढंच. लगेच उरलेल्या सिनेमातली मारामारी सुरू होते.

पुढे ती गेली. तिचं हलतं-बोलतं असं एवढंच मागे राहिलं.

परगावच्या लेकीला आता मूल झालंय. तिचा फोन आला. ‘बाबा, आईचा आवाज बाळाला ऐकवायचाय. कॉपी करून पाठवा.’ साडूंनाही घाई होती. मशीनमधला रबरी पट्टा सैल झाला होता. एखाद्या दिवशी मशीन कॅसेटच गिळेल, ही धास्ती. आणि कॉपी करायची तर दोन मशीनं तारांनी जोडावी लागतात. एकावर लावायचं, दुसऱ्यावर भरायचं.

दुसरं मशीन कुणाकडे होतं हे सांगायला नको.

मेहुणा त्या रविवारी आला तो मशीन त्याच रुमालात गुंडाळून.

‘भावजी, जुनं विसरा आता.’

‘मी कुठं काय म्हटलं?’ साडू म्हणाले. ‘रुमाल छान आहे.’

तारा जोडल्या. लहान कॅसेट लावली. बायको नेहमीसारखी दिसली, बोलली, हसली. मोठ्या कॅसेटवर सगळं भरलं गेलं. मग कॉपी नीट आलीय का बघायला साडूंनी ती लावली.

चित्र मधेच उजळायचं, मधेच काळवंडायचं. दम लागल्यासारखं.

शिलाई मशीन दिसत होतं. चाक फिरत होतं. निळं कापड सुईखालून सरकत होतं.

आणि खुर्ची…

खुर्ची रिकामी होती.

‘इकडे बघ ना जरा,’ टीव्हीतून साडूंचा आवाज आला.



नुसतं चाकाचं खट… खट… खट…

मग टीव्हीतले साडू हसले. एकटेच.

‘लॉक आहे, भावजी,’ मेहुणा घाईघाईनं म्हणाला. ‘सिनेमाच्या कॅसेटींना कंपनी घालते. कॉपी केली की चित्र बिघडतं. गिऱ्हाइकावर विश्वास नसतो ना त्यांचा.’

‘आणि गिऱ्हाइकानं तुमच्यावर ठेवायचा.’

मेहुण्यानं चहाचा घोट घेतला. मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्याचा चेहरा उतरला.

‘पण ते लॉक चित्रात असतं. फितीत नसतं. तुम्ही वर ताईला भरलंत तेव्हाच ते पुसलं गेलं. इथं लॉक असायलाच नको.’

‘लॉक चित्र बिघडवतं म्हणालास,’ साडू म्हणाले. ‘खुर्चीवरून माणूस उठवतं का?’



साडूंनी मूळ कॅसेट मागे नेली आणि पुन्हा लावली.

ती होती.

साडूंचा जीव भांड्यात पडला. पण मग त्यांच्या लक्षात आलं… तिचा पाय थांबला होता.

‘इकडे बघ ना जरा,’ टीव्हीतले साडू म्हणाले.

आणि तिनं मान वळवली.

इतकी वर्षं तिनं ती कधीच वळवली नव्हती.

ती साडूंकडे बघत नव्हती. त्यांच्या डावीकडे बघत होती. मेहुणा बसला होता तिथं.

‘धाकट्या,’ ती म्हणाली, ‘सांगून टाक की त्यांना आता.’



‘काय सांगायचंय?’ साडूंनी विचारलं. टीव्हीला नाही. मेहुण्याला.

मेहुणा दाराकडे बघू लागला. मग तीच बोलली. नेहमीच्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी.

‘तुझा माल अडकला होता ना. ती मशीनं कुणी घेईना. मीच म्हटलं, ह्यांना दे. हे जपून वापरतील.’

तिनं दातानं दोरा तोडला. निळ्या कापडाची घडी केली. उठली.

आणि चित्राच्या बाहेर चालत गेली.

मागे टीव्हीतले साडू हसले. त्या हसणाऱ्या माणसाचा साडूंना एवढा राग आला की त्यांनी नजर फिरवली.

‘ताईनं शपथ घातली होती,’ मेहुणा खाली बघत म्हणाला. ‘आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं हे, भावजी. माझ्या बायकोलासुद्धा नाही.’



‘कंपनीनं फसवलं, तिचा तो धंदा,’ साडू म्हणाले. ‘तू फसवलंस, तू दुकानदार. पण ती रोज सकाळी माझ्याबरोबर त्या मशीनवरची धूळ पुसायची रे.’

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

खट… खट… खट…

शिलाई मशीन.

पण शिलाई मशीन घरात नव्हतंच. ते लेकीच्या लग्नात तिच्याबरोबर गेलं होतं.

साडू उठले. दारापर्यंत गेले. आवाज थांबला.

खोलीत कुणी नव्हतं. मशीन असायचं त्या जागी फरशीवर त्याच्या पायांचे डाग तेवढे होते, नेहमीचे.

मागे वळले तर टीव्हीवर सिनेमातली मारामारी जोरात चालली होती, आणि मेहुणा जिन्यात पोचला होता. मशीन विसरला. रुमालही विसरला. अजून न्यायला आलेला नाही.

लेकीला साडूंनी फोनवर सांगितलं की कॉपी होत नाही, लॉक आहे.

‘मग कंपनीला खडसावा ना, बाबा,’ ती म्हणाली. ‘आपली आई आहे, त्यांचा सिनेमा नाही.’

साडू ‘बरं’ म्हणाले. लॉक कंपनीचं नाही, तिच्या आईचंच आहे, हे पोरीला कोणत्या तोंडानं सांगणार?

मूळ कॅसेटमध्येही आता रिकामी खुर्ची आहे. दर रविवारी दुपारी साडू पडदे ओढतात आणि ती लावतात. त्यांना तिला एकच विचारायचंय. ‘हे जपून वापरतील’ म्हणालीस तो माझ्यावरचा विश्वास होता, की भावाचा माल माझ्या गळ्यात मारणं?

हल्ली बटण दाबण्याआधी ते टीव्हीकडे बघून हळूच म्हणतात, ‘लावू का?’

इतकी वर्षं हे विचारलं नव्हतं.

मागच्या रविवारी मीही तिथं होतो. साडूंच्या मते खुर्ची या खेपेला थोडी वळली होती. मला ती होती तशीच वाटली. पण टीव्हीतले साडू ‘इकडे बघ ना जरा’ म्हणाले, आणि त्यानंतर आतल्या खोलीत कुणीतरी दातानं दोरा तोडल्यासारखा बारीक आवाज झाला… तो मी ऐकला. साडूंनीही ऐकला. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता मारामारी बघत बसलो.

मी त्यानंतर तिकडे गेलेलो नाही. काम होतं, असं सांगितलंय.

आता मशीनचा पट्टा अगदीच घसरायला लागलाय. कॅसेट फिरते, थांबते, कण्हते. तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर लहान कॅसेटचं मशीन पडलं असेल, तर त्यातला रबरी पट्टा तेवढा द्यावा. जुना चालेल.

फक्त गॅरंटी देऊ नका.