मेढीची जागा

नव्या खोलीत पहिला वाणी दिसला तेव्हा मी मुकाट्याने झाडू घेतला. आमच्या शेणवे गावात पावसाळ्यात हे काळपट हजारपाये किडे घरात शिरणारच, त्यात नवल ते काय? पण शी! पायाखाली आला की पिवळा चिकट रस, आणि नाकात बसणारा तो वास. मला जेवण जाईना.

मी शहापूरला शाळेत भूमिती शिकवते. भुताखेतांच्या गप्पा माझ्यापुढे चालत नाहीत. म्हणून ते किडे फरशीवर एकामागे एक गोल फिरायला लागले, तेव्हा मी घाबरले नाही, चिडले. झाडून बाहेर टाकले तरी थोड्या वेळाने पुन्हा तीच रांग.

शेवटी खडू घेऊन त्यांच्या वाटेवर खुणा केल्या. दोन जीवा काढल्या, त्यांचे लंबदुभाजक काढले. ते छेदतात तिथे केंद्र, सगळं फिरतं तेव्हा न हलणारा एकच बिंदू. फरशीवर तिथे काहीच नव्हतं.

"तितंच मेढ होती," दारातून सासूबाई म्हणाल्या.

खोली आमच्या जुन्या खळ्यावर बांधलीय. खळ्याच्या मधोमध मेढीचा खांब, त्याला बांधलेले बैल गोल फिरून भात तुडवायचे. गेल्या वर्षी मळणीला मशीन आलं, बैल विकले. मेढ उपटली की खड्डा शेणाने बुजवून दिवा लावायची आमच्याकडे रीत. प्रणितने, माझ्या नवऱ्याने, सरळ सिमेंट ओतलं.

"फिरनाऱ्याला मधी कायतरी लागतं गो. नाय मिळालं तर त्ये शोधतंय."

"आई, किडे आहेत ते!" मी जवळजवळ ओरडलेच.

दुसऱ्या दिवशी केंद्र सरकलं. पुन्हा दुभाजक काढले. आमच्या चार वर्षांच्या दिशाची खाट तिथे होती. खाट स्वयंपाकघरात नेली, तर रांग तिथे हजर. खाटेचे पाय त्या रसाने बरबटले होते. मी मोरीत जाऊन ओकले, मग पोरीला उचललं आणि रिक्षा बोलावली. खर्डीला, माझ्या आईकडे.

सासूबाई आडव्या आल्या. "त्येंची मळणी अर्धी टाकून मेढ काढू नको, गो."

"माझी पोर आहे ती, खांब नाही!"

खर्डीत एकही किडा नव्हता. गादी झटकली, कोपरे पाहिले. दिशा माझ्या शेजारी, वेगळ्या गादीवर झोपली, पाय दाराकडे करून.

सकाळी पाय भिंतीकडे होते.

"पोरं लोळतातच झोपेत," आई म्हणाली.

लोळलं तर डोकं सरकतं. दिशाचं डोकं उशीच्या त्याच खळग्यात होतं. चादरीवर तिच्या टाचांनी उमटवलेला पुरता गोल होता, मळकट, शेणाच्या वासाचा.

उशीभोवती पांढरं काहीतरी सांडलेलं. आधी वाटलं, तांदूळ. चिमटीत धरून पाहिलं.

दुधाचे दात.

रक्ताचा टिपूसही नव्हता.

"दिशा, बाळा, आ कर."

तिने हसून तोंड उघडलं. राहिलेले दात हिरड्यांत, आपापल्या जागी, सावकाश फिरत होते.